सरकारी लॉटरीत गडबड असते का? सोडतीचे चेंडू तोलणारीचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: सरकार स्वतः चालवतं ती लॉटरी लोकांशी प्रामाणिक असते का? विचारणाऱ्याचे वडील तीस वर्षं दर आठवड्याला तिकीट घेत आले, मोठं बक्षीस एकदाही लागलं नाही. मुलाला वाटतं, निकाल आधीच ठरलेला असतो. वडील म्हणतात, सरकार कशाला फसवेल? यात खरं कोणाचं?

मी संख्याशास्त्र शिकले आणि गेली एकोणीस वर्षं सोडतींची स्वतंत्र तपासणी करते. त्या अनुभवावरून सांगते, मुलाचा संशय बहुतेक वेळा खोटा ठरतो, पण म्हणून वडिलांचं म्हणणं खरं ठरत नाही. सोडत चोख असू शकते आणि तरीही त्या तिकिटात लोकांवर अन्याय असू शकतो. या दोन गोष्टी लोक एकच समजतात, म्हणून वाद मिटत नाही.

आधी सोडतीबद्दल, कारण ते काम बाहेरच्या माणसाला कधी दिसत नाही. चेंडूंचे संच कुलूपबंद पेटीत असतात. पेटीच्या सीलवर क्रमांक असतो. मागच्या वेळी नोंदवहीत लिहिलेल्या क्रमांकाशी तो जुळला नाही तर काम तिथेच थांबतं. आज कुठला संच वापरायचा आणि कुठलं यंत्र, हेही चिठ्ठी काढूनच ठरतं. मग हातमोजे घालून एकेक चेंडू काट्यावर ठेवायचा. काटा इतका हळवा असतो की मी खोलीतला पंखा बंद करायला लावते आणि वजन लिहून होईपर्यंत कोणी जवळून चालायचं नाही असं सांगते. व्यास मोजायचा, पृष्ठभागावर बोट फिरवून ओरखडा आहे का पाहायचं. त्यानंतर चाचणीच्या सोडती होतात आणि त्यांचेही आकडे नोंदवले जातात. एकदा एका चेंडूचं वजन मर्यादेच्या किंचित वर गेलं. बहुधा घामाचा हात लागला असावा. तो पुसून पुन्हा तोलला असता तर बसला असता, पण तो आख्खा संच बाद केला. सोडत चाळीस मिनिटं उशिरा झाली आणि मला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

एवढा कडकपणा कशासाठी, ते १९८० साली दिसलं आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या रोजच्या तीन आकडी सोडतीत २४ एप्रिलला ६६६ हा क्रमांक निघाला. टीव्हीवर सोडत सादर करणाऱ्या निवेदकानेच साथीदारांना घेऊन चार आणि सहा सोडून बाकीच्या चेंडूंमध्ये पांढरा रंग टोचला होता. ते चेंडू जड झाले आणि हवेच्या झोताने वर उडेनात. चार आणि सहा या दोनच आकड्यांच्या आठही जोडण्यांवर या मंडळींनी भरमसाट पैसे लावले आणि त्या आकड्यांवर एवढी रक्कम कशी आली, यावरूनच पकडले गेले. थोडक्यात, लबाडी झाली ती आतल्या माणसाकडून आणि उघडी पडली ती नोंदींमुळे.

चेंडूंऐवजी संगणक आल्यावर हा धोका गेला नाही, त्याची जागा बदलली. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या लॉटऱ्या मिळून चालवलेल्या संघटनेत एडी टिप्टन नावाचा माहिती सुरक्षेचा प्रमुख होता. यादृच्छिक आकडे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याने असा तुकडा घातला होता की वर्षातल्या ठरावीक तारखांना, ठरावीक वारी निघणारे आकडे त्याला आधीच मोजक्या शक्यतांत आणता यायचे. डिसेंबर २०१० मध्ये आयोवा राज्यात त्याने स्वतः घेतलेलं तिकीट जिंकलं. जवळजवळ वर्षभर त्यावर कोणी दावा केला नाही, मग शेवटच्या क्षणी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातल्या एका ट्रस्टच्या नावाने दावा आला आणि संशय बळावला. तिकीट घेतानाचं सीसीटीव्ही चित्रण लोकांसमोर आणलं तेव्हा ओळखीच्यांनी त्याला ओळखलं. २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. माझ्या कामातल्या माणसांना या प्रकरणाने हादरवलं, कारण राखणदारच चोर निघाला होता आणि तपासणीत त्याचा प्रोग्रॅम पास झाला होता. म्हणून मला विचाराल तर पारदर्शक भांड्यात लोकांच्या डोळ्यांदेखत फिरणारा चेंडू मला अजून जास्त भरवशाचा वाटतो.

आणखी एक जागा आहे, ती म्हणजे तिकिटाचा काउंटर. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात २००७ साली तिथल्या लोकपालांनी अहवाल दिला. तिकीट विकणाऱ्यांनाच मोठी बक्षिसं अवाजवी प्रमाणात लागत होती आणि लॉटरी चालवणाऱ्या सरकारी संस्थेने तक्रारींकडे काणाडोळा केला होता. ग्राहक तिकीट तपासायला देतो, विक्रेता म्हणतो ‘काही नाही लागलं’ आणि तिकीट आपल्याकडे ठेवून घेतो, इतकी साधी चोरी. म्हणून तिकीट हातात आलं की आधी मागे सही करावी आणि निकाल स्वतः तपासावा. हे मी प्रत्येकाला सांगते.

तरीही, हे सगळं मोजूनमापून, नीट चालवलेल्या सरकारी लॉटरीची सोडत खरी असते असं मी ठामपणे सांगेन. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मिळून चालणाऱ्या पॉवरबॉल या लॉटरीचं पहिलं बक्षीस २०४ कोटी डॉलरवर पोचलं होतं. सगळा देश डोळे लावून बसलेला. सहभागी लॉटऱ्यांपैकी एकीची सुरक्षेची पडताळणी पूर्ण व्हायची होती, तर सोडत रात्रीची दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. लोक चिडले, अफवा उठल्या. मला मात्र ते पाहून बरं वाटलं. घाई करून उरकलं असतं तर काळजी वाटली असती.

मग अन्याय कुठे?

एका सोडतीला लोकांना पाहायला बसवलं होतं. संपल्यावर एक म्हाताऱ्या बाई माझ्याकडे आल्या. पदराच्या गाठीत चार तिकिटं होती, एकही लागलं नव्हतं. मला म्हणाल्या, “ताई, तुम्ही सगळं नीट तपासलं ना?” मी म्हटलं, “हो आजी, एकेक चेंडू माझ्या हाताने तोललाय.” त्यांचा चेहरा निवळला. “मग ठीक,” म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्याची तिकिटं घ्यायला गेल्या. मी खोटं एक अक्षर बोलले नव्हते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी सही त्यांना चेंडूंबद्दल खात्री देत होती आणि त्या ती तिकिटाबद्दलची खात्री समजत होत्या. तिकिटाच्या किमतीतलं किती परत येतं, हे ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं.

तर ते आता सांगते. ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाली तेव्हाची विभागणी साधारण अशी होती: शंभरातले ५० बक्षिसांना, २८ लोकोपयोगी कामांना, १२ लॉटरी कर, ५ विक्रेत्याला आणि उरलेले ५ चालवणाऱ्या कंपनीला. हे काही वाईट उदाहरण नाही. सोडतीच्या खेळांत निम्म्याच्या आसपास परतावा जगभर आढळतो. आता शेजारी रुलेट, म्हणजे जुगारातलं आकड्यांचं फिरतं चाक, ठेवून पाहा. एक शून्य असलेल्या चाकावर जुगाराचा अड्डा शंभरामागे सरासरी २.७ ठेवून घेतो. लॉटरी जवळजवळ ५० ठेवून घेते. रुलेटला आपण जुगार म्हणतो, त्यावर वयाची अट घालतो, पाटी लावतो. त्याच्या अठरापट महाग असलेली वस्तू सरकार कोपऱ्याकोपऱ्यावर विकतं आणि वर जाहिरात करतं.

अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने १७७६ सालीच हे मांडलं होतं: पूर्णपणे न्याय्य लॉटरी जगाने पाहिली नाही आणि पाहणारही नाही, सगळी तिकिटं एकट्याने घेतली तर नुकसान नक्की, आणि जितकी जास्त घ्याल तितके त्या नक्की नुकसानाच्या जवळ जाल. विचारणाऱ्याच्या वडिलांनी तीस वर्षं घेतलेली तिकिटं त्या दिशेनेच गेली. त्यात नशिबाचा दोष नाही. ४९ मधून ६ आकडे निवडायचे असतील तर सगळे जुळण्याची शक्यता १,३९,८३,८१६ मध्ये एक. आठवड्याला एक तिकीट धरलं तर तीस वर्षांत दीड हजारावर थोडी तिकिटं होतात. पहिलं बक्षीस न लागणं हाच अपेक्षित निकाल आहे, त्याला कटकारस्थान लागत नाही.

मला सर्वांत जास्त खुपतं ते याच्या पुढचं. शक्यता कमी आहे हे एकवेळ निसर्गासारखं मान्य करता येईल. पण ती मुद्दाम आणखी कमी केली जाते. पॉवरबॉलमध्ये पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता आधी १७,५२,२३,५१० मध्ये एक होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये आकडे बदलून ती २९,२२,०१,३३८ मध्ये एक केली. त्याच महिन्यात ब्रिटनने ४९ चेंडूंचे ५९ केले आणि १ कोटी ४० लाखांतली शक्यता साडेचार कोटींत एकवर गेली. का? कारण बक्षीस सहजासहजी लागलं नाही की रक्कम पुढे सरकते, साचत जाते, बातमी होते आणि विक्री वाढते. लहान बक्षिसांची शक्यता तेव्हा थोडी सुधारली होती आणि जाहिरातीत तेवढंच पुढे केलं गेलं. २९ कोटींत एक म्हणजे किती हे समजायला मी असं सांगते: सव्वानऊ वर्षांतला कुठला तरी एक सेकंद मी मनात धरलाय, तो तुम्ही ओळखायचा.

बदल केला आणि तीन महिन्यांत, १३ जानेवारी २०१६ ला, १५८ कोटी ६० लाख डॉलरचा जॅकपॉट उभा राहिला. फलकांवर हाच आकडा. पण ही रक्कम २९ वर्षांत ३० हप्त्यांनी मिळणार होती. आज हातात हवी असेल तर ९८ कोटी ३५ लाख. म्हणजे फलकावरच्या रकमेतला मोठा भाग हा पुढच्या वर्षांचं व्याज होता; ते बक्षीस त्या दिवशी तिजोरीत नव्हतंच. त्यावर वरच्या पट्टीचा केंद्रीय कर तेव्हा ३९.६ टक्के. आणि तिकिटं जिंकली तीन, त्यामुळे रोख रक्कमही तिघांत वाटली गेली. एका वाट्याला करापूर्वी बत्तीस-तेहतीस कोटी. हिशोब केलात तर एवढ्या प्रचंड जॅकपॉटलाही दोन डॉलरच्या तिकिटामागे त्या वाट्याचे सरासरी १ डॉलर १२ सेंट पडतात, लहान बक्षिसांचे तीसेक सेंट वेगळे, आणि यातून अजून कर गेलेला नाही. बक्षीस मोठं झालं की तिकीट ‘परवडतं’ असं म्हणणारे बरेच जण वाटेकऱ्यांना विसरतात.

वाटेकऱ्यांवरून आठवलं. १४ जानेवारी १९९५ ला ब्रिटनमध्ये पहिल्या बक्षिसाचे १३३ मानकरी निघाले आणि प्रत्येकाला १,२२,५१० पौंड मिळाले. निघालेले आकडे होते ७, १७, २३, ३२, ३८ आणि ४२. लोक फॉर्मवर खुणा करताना मधल्या भागात, दिसायला छान पसरलेले आकडे निवडतात, तसेच ते होते. जन्मतारखांचंही तेच, ३१ च्या वर कोणी जात नाही. कुठलेही आकडे घ्या, लागण्याची शक्यता सारखीच. पण सगळ्यांनी घेतलेले आकडे घेतलेत तर लागल्यावर वाटा कमी मिळतो. ‘बरेच दिवस न निघालेला’ आकडा मात्र कशालाच उपयोगी नाही. मी हजारो वेळा तोललेल्या चेंडूंना मागच्या आठवड्याची आठवण नसते.

खरडायच्या तिकिटांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यात सोडत नसतेच. कुठल्या तिकिटात काय आहे ते छपाईच्या वेळी ठरलेलं असतं. तुम्ही खरडता तेव्हा दोन मोठी बक्षिसं जुळतात, तिसरं एका घराने हुकतं, आणि ‘थोडक्यात गेलं’ म्हणून तुम्ही दुसरं घेता. ते हुकणंही छापलेलं असतं. तिथे ‘थोडक्यात’ असं काही नसतं. छपाईतली ही रचना किती हाताने केलेली असते ते २००३ मध्ये टोरांटोतल्या एका संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. फुली-गोळ्याच्या एका तिकिटावर वरून दिसणाऱ्या आकड्यांत एकदाच येणारे आकडे पाहून त्याने न खरडता जिंकणारी आणि हरणारी तिकिटं वेगळी केली. वीसपैकी एकोणीस बरोबर निघाली आणि तो खेळ मागे घ्यावा लागला. पण मला त्याहून गंभीर वाटतं ते हे: पहिलं बक्षीस कुणाला तरी लागून गेलेलं असतं आणि तरी कित्येकदा तीच तिकिटं, तोच मोठा आकडा मिरवत विकली जात असतात. याला किरकोळ त्रुटी म्हणायची माझी तयारी नाही. दुकानदाराने असं केलं तर आपण त्याला फसवणूक म्हणतो.

विकत कोण घेतं, हेही पाहायला हवं. श्रीमंत आणि गरीब दोघंही घेतात, पण गरिबाच्या कमाईतला त्यात जाणारा हिस्सा कितीतरी मोठा असतो. अमेरिकेतल्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि एकूण विक्रीचा बराच भार थोड्या, नेहमी घेणाऱ्या माणसांवर असतो. कधीमधी गंमत म्हणून घेणाऱ्यामुळे हा धंदा चालत नाही. त्या आजी, ते वडील यांच्यावर तो चालतो. मी अशा माणसांना मूर्ख म्हणणाऱ्यांशी भांडते. पगारातून, बचतीतून आयुष्य पालटेल असा दुसरा रस्ता ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी ते तिकीट म्हणजे आठवडाभराची आशा असते. ती आशा खरी आहे. म्हणूनच तिची किंमत लावताना सरकारने हात राखून वागायला हवं.

‘पैसा चांगल्या कामालाच जातो’ हे उत्तर मिळतं. जातो, काही प्रमाणात. न्यू हॅम्पशायरने १९६४ साली अमेरिकेतली पहिली आधुनिक राज्य लॉटरी काढली ती शाळांसाठीच, कारण तिथे उत्पन्नावर किंवा विक्रीवर सर्वसाधारण कर नव्हता. पण अंदाजपत्रकाचं गणित असं चालतं की शिक्षणाला शंभर द्यायचे ठरलेले असतात, लॉटरीतून दहा येतात आणि तिजोरी आपले दहा मागे घेते. शाळेला शंभरच मिळाले. फक्त त्यातले दहा आता सगळ्या करदात्यांऐवजी तिकीट घेणाऱ्यांच्या खिशातून आले. म्हणून लॉटरीच्या पैशातून काय उभं राहिलं, एवढं विचारून भागत नाही. लॉटरी नसती तर तिथे सरकारने स्वतःचे किती घातले असते, हे विचारावं लागतं.

मग बंदच करा, असं मी म्हणत नाही. खासगी हातांत हे गेलं की काय होतं तेही इतिहासात आहे. १८६८ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात एका खासगी कंपनीला लॉटरीची सनद मिळाली. वर्षाला ४०,००० डॉलर रुग्णालयाला द्यायचे आणि बाकी रान मोकळं. तिच्या पैशाने तिथलं राजकारण इतकं नासलं की १८९० मध्ये अमेरिकेच्या संसदेला टपालातून लॉटरीचा व्यवहार बंद करावा लागला. आणि बंदीने आकडा थांबत नाही, तो गल्लीत जातो. तिथे वसुलीला गुंड येतो आणि हरलेल्याला दाद मागायला जागा नसते. मात्र एक गोष्ट सरकारला टोचायला हवी: अमेरिकन शहरांतल्या बेकायदा तीन आकडी खेळात जिंकणाऱ्याला बऱ्याचदा सहाशेपटीपर्यंत मिळायचे, आणि सरकारने तोच खेळ सुरू केला तेव्हा पाचशेपट ठरवले. हजारात एक अशी शक्यता असलेल्या खेळात!

गोम अशी की किंमत ठरवणारा, विकणारा, जाहिरात करणारा आणि तक्रार ऐकणारा एकच आहे. महसुलाचं उद्दिष्ट ज्याच्या डोक्यावर आहे त्याच्याकडेच ग्राहकाचं रक्षण सोपवलं की कुंपणच शेत खातं. लॉटरी चालवणारं खातं आणि तिच्यावर नजर ठेवणारी यंत्रणा वेगळी हवी, तिचा पगार विक्रीवर अवलंबून नको, हा माझा पहिला आग्रह आहे. पहिलं बक्षीस लागून गेलेला खरडण्याचा खेळ त्याच दिवशी मागे घ्यायला हवा. जाहिरातीत रोख रक्कमच लिहायला हवी. परतावाही वाढवायला हवा, पण त्यावर मी अडून बसणार नाही. सरकारला महसूल हवा असेल तर तो घ्यावा, सांगून घ्यावा.

एका समितीसमोर मी तिकिटावर छापायचा मजकूर ठेवला होता. अट एकच होती, जॅकपॉटच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत. मजकूर असा: ‘या तिकिटाच्या किमतीतली साधारण निम्मी रक्कम बक्षिसांत वाटली जाते. पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता २९ कोटींत एक आहे. जाहीर केलेली रक्कम ३० हप्त्यांची आहे. रोख घेतल्यास ती बरीच कमी मिळेल. विजेते अनेक असल्यास ती वाटली जाईल.’ आकडे त्या त्या खेळाप्रमाणे बदलायचे. टेबलाच्या पलीकडून एक अधिकारी म्हणाले, “मॅडम, मग विकत कोण घेईल?” बैठकीच्या इतिवृत्तात ते वाक्य आलं नाही, पण मी माझ्या वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय. पुढच्या बैठकीला तोच मजकूर पुन्हा नेणार आहे.